मांडीतली आग आणि परकराची नाडी

मी तुमच्या बचत गटांची समन्वयक बोलतेय. एरवी मी कर्जाचे हप्ते, बँकेची कागदपत्रं यांवरच बोलते. आज मांडीवर बोलणार आहे. हसू नका. या मांडीपायी आमच्या एका गटातून १५,००० रुपयांचं कर्ज निघता निघता राहिलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, एका बाईनं दीड वर्ष मनात एक भीती दाबून ठेवली. तिची ही हकिकत. तिला विचारूनच सांगतेय, फक्त नाव सांगत नाही. माझ्या मावशीच्या वयाची आहे, म्हणून मी तिला मावशीच म्हणते.

महिन्याच्या बैठकीत मावशीनं अंतर्गत कर्ज मागितलं. कशासाठी, तर मणक्यासाठी. एका खाजगी दवाखान्यात तिला सांगितलं होतं, "मणक्यात गॅप आहे, एमआरआय काढा, मग पुढचं बघू." आपल्याकडे हा गॅप घरोघरी झालाय. मी सहज विचारलं, "मावशी, कंबर दुखते का?" तर म्हणे, "नाही बाई, कंबरेला काहीच नाही." मग दुखतं तरी काय? तिनं उजवा हात मांडीच्या बाहेरच्या अंगाला ठेवला, पुरुषांच्या पँटीचा खिसा असतो ना, तिथं. "इथं आग होते. मुंग्या येतात. चिमटा काढला तर कळत नाही, अन् लुगडं नुसतं घासलं तरी जीव जातो."

बाकीच्या बायका हसल्या. कळत नाही म्हणते आणि दुखतं पण म्हणते, असं कसं? मलाही तेव्हा ते उमगलं नाही. पण घरी परतताना मावशी रस्त्यात थांबली आणि हळूच म्हणाली, "ताई, ते तर नसंल ना?"

"ते" म्हणजे कुष्ठरोग. तिच्या माहेरच्या गावात एका बाईला झाला होता, तिला घरच्यांनी गोठ्यात निजायला लावलं होतं. ते मावशीनं लहानपणी डोळ्यानं पाहिलेलं. तिला एवढंच ठाऊक होतं की त्या रोगात कातडी बधिर होते. म्हणून दीड वर्षापासून ती आपलं ताट वेगळं धूत होती आणि नातवाला मांडीवर घेत नव्हती. घरच्यांना वाटायचं म्हातारी चिडचिडी झालीय.

दुसऱ्याच दिवशी आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. आधी ही भीती मोकळी करायची होती. तिथं मांडीची कातडी उजेडात नीट पाहिली. रंग आजूबाजूसारखाच, चट्टा नाही, घाम येतोय, हातापायाच्या नसा जाड झालेल्या नाहीत. कुष्ठरोग नाही. मावशी बाकावर बसून रडली. मात्र तुम्ही एक लक्षात ठेवा. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथं स्पर्श कळत नसेल, तर तो लपवू नका, आशाताईला दाखवा. कुष्ठरोगाचा उपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, ६ किंवा १२ महिन्यांत पूर्ण होतो, आणि औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत लागण पसरायची थांबते. ताट वेगळं करायची गरज त्यातही नाही.

मग मावशीला होतं तरी काय? आम्हाला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात हाडांच्या डॉक्टर बाईंकडे पाठवलं. त्यांनी आधी एमआरआयचं नावच घेतलं नाही. कापसाचा बोळा आणि एक टाचणी घेतली. मावशीला डोळे मिटायला सांगून मांडीवर जागोजागी लावून बघितलं आणि जिथून जिथपर्यंत बधिर, तिथं पेनानं रेघ ओढली. बघते तर काय, मांडीच्या बाहेरच्या अंगाला एक लांबट नकाशाच उमटला, जणू कुणी तळहात लांब करून ठेवलाय. तो गुडघ्याच्या वरच संपला. आतल्या अंगाला काही नाही, पोटरीला काही नाही. डॉक्टर म्हणाल्या, "हा नकाशा एकाच नसेचा आहे."

आता रेडिओ ऐकता ऐकता एक करून बघा. भांडणाला उभ्या राहतो तसे दोन्ही हात कंबरेवर ठेवा. तळव्याखाली कंबरेच्या हाडाची धार लागेल. त्या धारेवरून बोटं पुढं पोटाकडे आणा. धार संपते तिथं एक टोकदार उंचवटा लागतो. सापडला? बारीक बाईला लगेच सापडेल, आमच्यासारखीला जरा दाबून बघावं लागेल. आजची सगळी गोष्ट त्या टोकाच्या आजूबाजूला दोन बोटांच्या जागेत घडते.

आपण रक्ताच्या शिरेलाही नस म्हणतो आणि स्नायूच्या दोरीलाही नस म्हणतो. इथं नस म्हणजे मज्जातंतू, मेंदूकडे खबर नेणारी तार. या तारेचं डॉक्टरी नाव लॅटरल फिमोरल क्यूटेनियस नर्व्ह. कंबरेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्याजवळून ती निघते, पोटाच्या मागच्या बाजूनं, कंबरेच्या हाडाच्या आतल्या स्नायूवरून तिरकी त्या टोकाकडे येते. तिथं तिला पोटातून मांडीत उतरायचं असतं. आता त्या टोकापासून खाली जांघेच्या मधल्या हाडापर्यंत एक चिवट पट्टा ताणलेला असतो, त्याला इन्ग्वायनल लिगामेंट म्हणतात. नस या पट्ट्याखालून किंवा पट्ट्याच्या दोन पदरांमधून बाहेर पडते. परकराच्या नेफ्यातून नाडी ओवलेली असते ना, अगदी तशी. नेफा सैल असेल तर नाडी सरकते, नेफा आवळला की अडकते. त्यात भर म्हणजे पोटात आडवी येणारी ही नस इथं एकदम वळून खाली मांडीत जाते. वळणावर कुठलीही नळी आधी दबते, हे ठिबकच्या नळ्या अंथरणाऱ्या बाईला सांगायला नको.

पट्ट्याखालून निघाली की ती एका लांब स्नायूवरून जाते. त्या स्नायूचं नाव सार्टोरियस, आणि ते नाव शिंप्यावरून पडलंय, कारण मांडी घालून बसताना तो कामाला येतो. पुढं तिच्या दोन फांद्या होतात. एक मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या कातडीत पसरते, दुसरी मागच्या बाजूला. बस, एवढंच तिचं राज्य.

आणि एवढंच तिचं काम, कातडीची खबर देणं. ही नस एकाही स्नायूला हलवत नाही. म्हणून ती दबली तर आग होईल, मुंग्या येतील, सुया टोचतील, बधिर होईल, पण पाय लुळा पडणार नाही. मावशीचं कोडंही इथं सुटतं. दबलेली तार काही खबरा पोचवतच नाही, म्हणून चिमटा कळत नाही. आणि काही खबरा चुकीच्या पोचवते, म्हणून लुगड्याचा काठ घासला तरी मेंदूला वाटतं भाजलं. फोनला रेंज नसली की एकतर आवाज येत नाही, नाहीतर नुसती खरखर येते, तसं. तेव्हा बायांनो, त्या दिवशी आपण हसलो ते चुकलंच.

या दुखण्याचं नाव मेराल्जिया पॅरेस्थेटिका. नाव जड आहे, पण चिठ्ठीवर दिसलं तर घाबरू नका, "मांडीचं दुखणं" असाच त्यातल्या मेराल्जियाचा अर्थ. १८७८ साली जर्मनीच्या बर्नहार्ट या डॉक्टरांनी ते लिहून ठेवलं आणि १८९५ साली रशियाच्या रोथ यांनी त्याला हे नाव दिलं. रोथ यांना ते घोडदळातल्या शिपायांमध्ये दिसलं, कंबरेला घट्ट पट्टे आवळणाऱ्या. मनाचे प्रसिद्ध डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांना स्वतःला हा त्रास होता, त्यांनीही त्यावर १८९५ मध्येच लिहिलंय. म्हणजे हे दुखणं नवं नाही, आणि मनाचा खेळ तर नाहीच.

शिपायांचा पट्टा ऐकला आणि मी मावशीच्या कंबरेकडे बघितलं. डॉक्टरांनीही तेच विचारलं होतं, "नाडी कुठं बांधता?" मावशीनं पदर बाजूला केला. गेली चाळीस वर्षं एकाच जागी आवळलेली नाडी. कातडीवर काळी खाच पडलेली, आणि ती खाच नेमकी त्या टोकदार हाडावरून गेलेली. शेतात वाकताना लुगडं सुटू नये म्हणून आपण नाडी करकचून ओढतो. आईनंच तसं शिकवलेलं असतं.

नाडीवर आणखी काय असतं? मोसमात ओटी. कापूस वेचताना कंबरेला बांधलेली ओटी भरत आली की पाच-सहा किलोचं ओझं पुढं लोंबतं आणि तिची गाठ त्याच जागेवर ओढ देते. मावशीचा त्रास दर दिवाळीनंतर का वाढतो, हे मला तेव्हा कळलं. मग कडेवरचं पोर किंवा कळशी, तीही त्याच हाडावर टेकते. पोट सुटलं असेल तर ते पट्ट्याला खाली दाबतं. पोटुशी बाईचं पोट वाढतं तेव्हाही हेच होतं, तिचा त्रास बहुतेक वेळा बाळंतपणानंतर आपोआप जातो. फार वेळ उभं राहिलं, चाललं, पाय मागे ताणला की नसेवर ओढ येते, बसलं की बरं वाटतं. पोटाच्या किंवा कंबरेच्या हाडाच्या ऑपरेशननंतरही कधीकधी होतं.

आणि साखर. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका जिल्ह्याच्या नोंदी तपासल्या, तर मधुमेह असणाऱ्यांत हे दुखणं बाकीच्यांच्या सातपट आढळलं. साखरेनं नसा आधीच नाजूक होतात, थोडा दाबही त्यांना सोसत नाही. मावशीची साखर कधी तपासलीच नव्हती. त्या दिवशी तपासली तर वाढलेली निघाली. या मांडीनं तेवढं तरी उपकार केले म्हणायचे.

मणक्याचं दुखणं नाही हे डॉक्टरांनी ठरवलं कसं? हे नीट ऐका, कारण पैसे इथंच वाचतात. त्यांनी गुडघा उचलायला लावला, हातानं विरोध केला, ताकद पूर्ण होती. गुडघ्यावर हातोडी मारली, पाय उडाला. मग त्या टोकदार हाडाच्या आतल्या बाजूला बोटानं टकटक केलं, तर मावशीच्या मांडीत वीज गेली. नंतर तिला चांगल्या कुशीवर निजवून वरच्या बाजूचं कंबरेचं हाड पाऊण मिनिट खाली दाबून धरलं. तेवढ्यात मांडीतली आग कमी झाली, कारण दाबल्यानं तो पट्टा सैल पडतो. झालं निदान. शंका राहिलीच तर त्या जागी बधिर करणारं इंजेक्शन देऊन बघतात. अर्ध्या तासात आग गेली तर नस हीच. मणक्यावर शंका असेल तरच एमआरआय. आणि एमआरआय काढला की पन्नाशीच्या बाईच्या मणक्यात झीज दिसतेच, मग त्या झिजेवर उपचार चालू होतात आणि मांडी तशीच जळत राहते.

पण सगळ्याच मांड्यांना मावशीची मांडी समजू नका. दुखणं गुडघ्याच्या खाली पावलापर्यंत जात असेल, पायात जोर नसेल, चालताना गुडघा मोडत असेल किंवा पाऊल लटकत असेल, तर ती ही नस नव्हे, लवकर दाखवा. दोन्ही तळपायांतून बधिरपणा वर चढत असेल तर साखर आणि बी-१२ तपासा. आणि लघवी-संडासवरचा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. तिथं उद्यावर टाकायचं नाही.

आता उपचार. पहिला उपचार फुकटचा: दाब काढायचा. डॉक्टरांनी मावशीला सांगितलं, नाडी सैल करा, जागा बदला, कधी जरा वर, कधी जरा खाली. बारीक दोरीऐवजी चार बोटं रुंद पट्टी लावा, म्हणजे ओझं एका रेघेवर न येता पसरतं. ओटी कंबरेला न बांधता खांद्यावरून झोळी घ्या, ती भरायच्या आधीच रिकामी करा. पोर दोन्ही कडांवर आलटून पालटून घ्या. वजन थोडं उतरवा, साखर ताब्यात ठेवा. बहुतेकींना एवढ्यानंच काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आराम पडतो. नस हळूहळू सावरते, दोन दिवसांत नाही. आग फारच असेल तर नसेच्या दुखण्याच्या वेगळ्या गोळ्या असतात. त्यांनी झोप येते, गरगरतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, आणि शेजारणीच्या तर मुळीच नाहीत.

एक गोष्ट मी हात जोडून सांगते. बधिर जागेला विटेचा, तव्याचा, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक देऊ नका. मावशीच्या मांडीवर रुपयाएवढा डाग होता. गरम विटेनं फोड आला होता आणि तिला कळलाच नव्हता, लुगड्याला पाणी लागलं तेव्हा कळलं. साखर असलेल्या बाईची अशी जखम महिनोन्महिने चिघळते. डागणी देणारा, नस बसवणारा, यांच्याकडे तर जाऊच नका. ही नस जागची सरकलेली नाही, दबलेली आहे. तिला आणखी दाबून ती बसणार नाही.

दोन-तीन महिन्यांनीही आराम नसेल तर त्या टोकाजवळ इंजेक्शन देतात, बधिर करणारं औषध आणि बरोबर स्टिरॉइड. सोनोग्राफीत नस बघून दिलं तर सुई नेमकी पडते. स्टिरॉइडनं साखर काही दिवस वर जाते, म्हणून साखर असेल तर आधी सांगायचं.

आणि सगळं करूनही नाहीच जमलं तर ऑपरेशन. फार थोड्यांना लागतं, पण "ऑपरेशन" म्हटलं की आपण एकतर पळतो नाहीतर गाय विकतो, म्हणून ते काय असतं तेवढं समजून घ्या. ऑपरेशन दोन तऱ्हेचं आहे. पहिल्यात टोकदार हाडाच्या खाली छोटी चीर देऊन नस शोधतात आणि तिच्यावरचा पट्ट्याचा आवळलेला पदर, खालीवर चिकटलेले पडदे कापून तिला मोकळं करतात. नेफा उसवून नाडी मोकळी करावी तसं. नस शाबूत राहते, मांडीची जाण परत यायची आशा राहते. पण काहींना त्रास पुन्हा होतो. दुसऱ्या तऱ्हेत नसच कापून टाकतात. आग जाण्याची खात्री यात जास्त, पण मांडीचा तो नकाशा कायमचा बधिर राहतो. आगीपेक्षा बधिरपणा परवडला, असं काही रोगी स्वतः म्हणतात. मला विचाराल तर आधी मोकळी करण्याबद्दल विचारा, कापणं शेवटचं. आणि "माझी नस ठेवणार की कापणार?" हे सही करायच्या आधी विचारा. विचारायला लाज कसली, मांडी आपली आहे.

या ऑपरेशनात नस कापण्याहून ती सापडणंच अवघड. का, तर सगळ्यांची नस एका वाटेनं जात नाही. १९९७ साली छापलेल्या एका अभ्यासात ५२ मृतदेहांच्या दोन्ही बाजू उघडून पाहिल्या, तर पाच वेगवेगळ्या वाटा सापडल्या. बहुतेकांची टोकाच्या आतल्या बाजूनं, पण कुणाची अगदी टोकाला खेटून, कुणाची स्नायूच्या मुळातून, आणि शंभरात चार जणांची तर चक्क टोकाच्या मागून, हाडाच्या धारेवरून गेलेली. अशा धारेवरच्या नसेवर नाडी आवळली तर ती हाड आणि नाडीच्या मध्ये सरळ चिरडणार. गावात सगळ्याजणी नाडी बांधतात पण त्रास एखादीलाच का, त्याचं थोडं उत्तर यातही असावं. म्हणून आता आधी सोनोग्राफीनं नस शोधून कातडीवर खूण करतात. हे काम रोज करणारा सर्जनच बघावा.

नाडीचीच आणखी एक गोष्ट. वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी २०२४ साली दोन वयस्क बायकांची हकिकत छापली. नाडी वर्षानुवर्षं घासून त्यांच्या कंबरेला जखम झाली, ती भरलीच नाही आणि तिथं कातडीचा कर्करोग झाला. असं फारच क्वचित होतं, खाच पडली म्हणून झोप उडवून घेऊ नका. पण नाडीच्या जागेवर न भरणारी जखम असेल तर दाखवा. लाजेपोटी आपण ती जागा डॉक्टरांनाच काय, सुनेलाही दाखवत नाही.

मावशीनं कर्जाचा अर्ज मागे घेतला. गेल्या हंगामात तिनं खांद्यावरून झोळी घेऊन कापूस वेचला. पहिले दोन दिवस सगळ्या वावरानं चेष्टा केली, आता तिच्या दोघी जावाही झोळी घेतात. अडीच महिन्यांनी आग गेली. गुडघ्याच्या वर हातभर जागा अजून थोडी बधिर आहे, डॉक्टर म्हणतात ती कदाचित तशीच राहील. साखरेची गोळी चालू आहे. नातू मांडीवर बसतो, त्याच मांडीवर.

आमच्या गटातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईनं रुंद पट्टीचे परकर शिवायला घेतलेत. नेफ्याच्या जागी चार बोटं रुंद पट्टी, बाजूला दोन हूक, पोट फुगलं तर एक हूक सोडायचा. कापड तुमचं असेल तर फक्त शिलाई पडेल. माप द्यायचं असेल तर येत्या बैठकीला जुना परकर घेऊन या, आणि येताना नाडीची खाच कुठं पडलीय ते घरी एकदा आरशात बघून या.